लेकीला ईटिंग डिसऑर्डरच्या निवासी केंद्रात नेतोय, बॅगेत काय भरू?

कंबरतलाव

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापूरची. लेक पंधरा वर्षांची, यंदा दहावीला, तिच्या पाठचा एक धाकटा मुलगा आहे. तिला अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीनं खाणं तोडत जाण्याचा आजार, असल्याचं निदान झालंय. नाडी फार संथ लागतेय म्हणून इथल्या बालरोगतज्ज्ञांनी ईसीजी काढला, तिथून मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो आणि आता बंगळुरूच्या एका निवासी केंद्रात जागा मिळालीय. गुरुवारी उद्यान एक्सप्रेसनं निघायचंय. किती दिवस ते आत्ताच सांगता येणार नाही, काही आठवडे तरी धरून चला म्हणाले.

केंद्रानं यादी पाठवलीय, पण अगदी त्रोटक. सैल कपडे, अंघोळीचं सामान, जुने रिपोर्ट आणा. घरचं खाणं आणि धारदार वस्तू आणू नका. बस.

कपडे कुठल्या मापाचे घेऊ? सोलापुरी चादर न्यावी का? तिला भयंकर थंडी वाजते. मे महिन्यात सगळं सोलापूर भाजून निघत होतं तेव्हा ही पंखा बंद करून स्वेटर घालून बसायची. दहावीची पुस्तकं न्यावीत का? फोनचं काय? आणि सासूबाईंनी डिंकाचे लाडू करायला घेतलेत, सोबत शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून देणार म्हणतात. त्यांना नाही कसं म्हणू?

ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी सविस्तर लिहा. आजार का झाला यावर चर्चा नको, ते डॉक्टरांशी चाललंय.

निळीशाई

ताई, आधी सगळ्यांनाच एक विनंती. या धाग्यावर कोणाच्याही वजनाचे आकडे, कॅलरी, कुठे काय लपवलं जातं याचे किस्से लिहू नका. आजारी मुलंही असे धागे शोधून वाचतात.

आता कपड्यांबद्दल. माझी लेकही अशाच केंद्रात राहून आलीय. बॅग भरताना मी एकच धरून चालले होते: जाताना जे शरीर आहे त्याच्यासाठी भरायचं नाही, परत येताना जे असेल त्याच्यासाठी भरायचं. तिथे शरीर वाढणार, तेच तर उपचार आहेत. आज अंगाला बसणारी जीन्स तीन आठवड्यांनी कमरेला रुतली की त्या एका बटणापायी सकाळची न्याहारी अडते. म्हणून जीन्स, चुडीदार, मापात शिवलेला कुर्ता, घट्ट लेगिंग, सगळं घरी. सैल कॉटनचे कुर्ते, इलॅस्टिकच्या पँट, मोठ्या मापाचे टीशर्ट न्या. आतले कपडेही दोन मापांत घ्या. हे कोणी सांगत नाही आणि तिथे गेल्यावर धावाधाव होते.

नाड्या काढा. सलवारीची, पायजम्याची, हुडीच्या टोपीतली. बहुतेक केंद्रांत नाडी, ओढणी, पट्टा, लांब लेस चालत नाही, कारण तिथे स्वतःला इजा करून घेण्याचा धोका असलेली मुलंही असतात. आमच्या शिंप्यानं सगळ्या सलवारींना एका दुपारीत इलॅस्टिक घालून दिलं होतं.

आणि मापाची लेबलं उसवून टाका. मानेमागची पट्टी, आतल्या शिवणीतली छोटी पांढरी पट्टी, दोन्ही. मी नखकात्रीनं एकेक टाका कापला, कापड फाटू नये म्हणून. मुली ती लेबलं रोज वाचतात हो. एम आहे की एल, त्यावर त्यांचा दिवस ठरतो. लेबल नसलं की कुर्ता म्हणजे नुसता कुर्ता.

मोजे मात्र भरपूर घ्या. एकावर एक दोन घालेल.

भुईकोट

ओ ताई, चादर न्याच की! सोलापूरचं माणूस चादरीशिवाय कुठं झोपतंय? फक्त नवी कोरी नेऊ नका, घरात वापरलेली, धुऊन मऊ झालेली न्या. आणि डबल नको, सिंगल. डबल चादर धुतली की दोन दिवस वाळत नाही, बंगळुरूच्या पावसाळी हवेत तर विचारूच नका. टॉवेल इथलाच टर्किश घ्या.

कंबरतलाव

निळीशाई, लेबलांचं डोक्यातच आलं नव्हतं. आजच बसते. भुईकोट, तिच्याकडे लहानपणापासूनची एक निळी-पांढरी आहे, मोरांची. तीच नेते.

माळरान

राग मानू नका, पण एवढा खर्च करून बंगळुरू कशाला? महिनाभर शेतावर ठेवा. मोकळी हवा, अंगमेहनत, ज्वारीची भाकरी आणि ठेचा. भूक लागली की पोरगी आपोआप खाईल. आमच्या वेळी असले आजार नव्हते.

रातपाळी

माळरान दादा, मी परिचारिका आहे, मुलांच्या वॉर्डात काम केलंय. तुमचा हेतू चांगला आहे, पण हा सल्ला जिवावर बेतू शकतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या मुलांना भूक लागत नाही असं नसतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. ते स्वेच्छेनं आले होते, मनानं चांगले खंबीर होते. तरी काही आठवड्यांत ते दिवसभर खाण्याचाच विचार करायला लागले, पाककृती जमवायला लागले, ताटातला घास तासभर चघळत बसायला लागले. सतत थंडी वाजायची, चिडचिड व्हायची, माणसं नकोशी व्हायची. उपासमारीनं मेंदूच तसा वागायला लागतो. अ‍ॅनोरेक्सियात त्यावर वजन वाढण्याची दहशत बसलेली असते. त्यामुळे भूक आणि भीती एकाच वेळी, आणि जिंकते भीती. नाडी संथ झालेल्या मुलीला शेतात अंगमेहनत तर मुळीच नाही.

दुसरं, बराच काळ उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्यानं उतरू शकतं. त्याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. हृदयाचे ठोके बिघडतात, कधी फिटही येते. म्हणून सुरुवातीचे दिवस रोजच्या रोज रक्त तपासत, आहार पायरीपायरीनं वाढवत नेतात. हे घरी किंवा शेतावर होत नाही.

ताई, लाडवांचं उत्तरही यातच आहे. तिथे आहारतज्ज्ञ प्रत्येक जेवण ठरवून देतात, कोणीतरी शेजारी बसून जेवू घालतं, जेवणानंतरही लक्ष ठेवतात. मध्येच घरचा डबा आला की ते गणित विस्कटतं, आणि मुलीला 'लाडू खाल्ला म्हणून जेवण सोडते' अशी वाट मिळते. पुढे आहारतज्ज्ञच घरचे पदार्थ हळूहळू ताटात आणायला सांगतात. तेव्हा शेंगाचटणी लागेल. सासूबाईंना सांगा, कृती लिहून द्या, प्रमाणासकट. तो कागद आहारतज्ज्ञांना द्या. पोरीच्या हातात नको. या आजारात मुली तासन्‌तास कृती वाचत बसतात.

प्रवासात काय खायचं ते इथल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. 'तिथे गेल्यावर उपचार होणारच आहेत' म्हणून गाडीत उपाशी ठेवू नका, आणि 'जाण्याआधी पोटभर खाऊन घे' म्हणून कोंबूही नका. चक्कर आली, छातीत धडधडलं, बेशुद्धी वाटली तर पुढच्या स्टेशनवर उतरून दवाखाना गाठायचा, बंगळुरूची वाट बघायची नाही.

माळरान

वाचलं. मला एवढं माहीत नव्हतं. पोरगी लवकर बरी होवो.

टिपणवही

मी वकील. कागदांचं लिहितो, कारण बॅगेत ते सगळ्यात वर हवेत.

मुलगी १८ वर्षांखालची आहे, त्यामुळे मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ चं कलम ८७ लागू होतं. अर्ज पालकांनी करायचा. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरे एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर तिला स्वतंत्रपणे तपासतात, दाखल करण्याच्या दिवशी किंवा आधीच्या ७ दिवसांत. दाखल केल्यावर ७२ तासांत संस्थेनं मानसिक आरोग्य मंडळाला कळवायचं असतं. अल्पवयीन मुलांना मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं.

आणि बॅगेच्या दृष्टीनं महत्त्वाचं: दाखल असेपर्यंत पालकांनी किंवा त्यांनी नेमलेल्या माणसानं मुलीजवळ राहायचं असतं. कायद्यात पालक म्हणून वडिलांचं नाव असेल तर मुलीसोबत स्त्रीच हवी. म्हणजे वहिनी, दोन बॅगा भरायच्या आहेत. एक तिची, एक तुमची. राहायची सोय केंद्रात आहे की बाहेर, ते आजच फोन करून विचारा.

आधार दोघींचे, जन्मदाखला, विमा कार्ड, सगळे रिपोर्ट मूळ आणि झेरॉक्स. या कायद्याच्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांना मानसिक आजारालाही शारीरिक आजाराच्याच धर्तीवर संरक्षण द्यावं लागतं. तरी पॉलिसीतल्या रुग्णालयाच्या व्याख्येत हे केंद्र बसतं का आणि पूर्वपरवानगी लागते का, हे निघण्याआधी लेखी विचारून घ्या. तोंडी 'होऊन जाईल'वर विसंबू नका.

रातपाळी

टिपणवहींच्या यादीत एक जोडा. लसीकरणाचं जुनं पुस्तक आणि शाळेच्या आरोग्य तपासणीची कार्डं. त्यात लहानपणापासूनची उंची-वजनाची नोंद असते. ती रेघ कशी चढत होती यावरून डॉक्टर ठरवतात की या मुलीनं कुठवर यायला हवं. सगळ्यांना एकच मोजमाप लावता येत नाही. पाळी कधी सुरू झाली, शेवटची कधी आली तेही लिहून ठेवा. ही फाइल तुमच्या बॅगेत ठेवा, तिच्या नको.

पाळी बंद असेल तरी पॅड्स द्या. तिथेच सुरू होऊ शकते.

चालू औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसह, थेट नर्सच्या हातात. पोट साफ होण्याची चूर्णं, गोळ्या, काढे काहीही नाही. बद्धकोष्ठ असतंच या आजारात, पण ते डॉक्टर बघतील.

आसराचौक

फोनचं: बहुतेक ठिकाणी ठरावीक वेळीच देतात. देण्याआधी कॅलरी मोजायची, पावलं मोजायची अ‍ॅप काढा. गुपचूप नको, तिच्यासोबत बसून काढा. मनगटातला फिटनेस बँड घरी. कॅमेऱ्याचे नियम विचारा, तिथल्या इतर मुलांच्या खासगीपणाचा प्रश्न असतो.

तालमीतला

मुलग्यांबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. माझा मुलगा कुस्ती करायचा. वजनगटात बसायचं म्हणून खाणं तोडलं, मग हंगाम संपला तरी तोडणं थांबेना. तालमीत सगळे कौतुक करायचे, किती कडक पोरगा, तोंडावर किती ताबा. निदान व्हायला उशीर झाला कारण हा पोरींचा आजार असंच सगळे धरून बसले होते, त्यात दवाखानेही आले.

त्याच्या बॅगेतून केंद्रानं दारातच काढून घेतलं ते असं: प्रोटीन पावडर, व्यायामाचे रबर, दाढीचं ब्लेड, धावायचे बूट. बुटांवरून तो दिवसभर रडला. चप्पल पुरते. मुलगी खेळाडू असेल तर बूट घरीच ठेवा, तिथे दारात काढून घेण्यापेक्षा ते बरं.

पाऊलवाट

मी आता कॉलेजात आहे. सोळाव्या वर्षी अशा केंद्रात राहिले. आईबाबांच्या बाजूनं सगळ्यांनी लिहिलं, मी आतल्या बाजूनं लिहिते.

काकू, बॅग तिला भरू द्या. यादी वाचून दाखवा, काय नेता येणार नाही ते सांगा, पण घड्या तिला घालू द्या. त्या काळात माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं. काय खायचं, कधी झोपायचं, बाथरूमला कधी जायचं, सगळं दुसरे ठरवणार होते. कुठला कुर्ता आणि कुठलं पुस्तक, एवढं तरी मी ठरवलं होतं. नंतर तिच्या समोरच तुम्ही एकदा तपासा. तपासताना चिडू नका.

तिथला सगळ्यात अवघड वेळ जेवणाचा नाही, जेवणानंतरचा तास. पोट भरलेलं, डोक्यात गोंधळ, उठून फिरायची परवानगी नाही. त्या तासासाठी काहीतरी द्या. मी पत्ते नेले होते. त्या पत्त्यांनी आम्हा चौघींना वाचवलं, खरं सांगते. मेंढीकोट, बदाम सात, नॉटॅटहोम. भाषा वेगवेगळ्या होत्या, पत्ते सगळ्यांना येत होते. शब्दकोडी, चित्रं रंगवायचं पुस्तक, मण्यांच्या माळा हेही चालतं. विणकाम येत असेल तर क्रोशाची जाड प्लॅस्टिकची सुई चालेल का विचारा. वही शिवलेली न्या, तारेची स्पायरल वही काढून घेतात.

पुस्तकं न्या, पण आधी चाळून बघा. बारीक होण्याच्या टिप्स असलेली मासिकं नकोत, नट्यांची नकोत. आरसा नको. स्वतःचे फोटो नकोत, कारण मी त्यात फक्त माझे दंड बघायचे. कुत्र्याचा न्या, मैत्रिणींच्या हातांवरच्या मेंदीचा न्या, गड्ड्याच्या यात्रेतल्या पाळण्याचा न्या.

अगरबत्ती, काचेची बाटली, अत्तर नको. देव न्यायचा असेल तर छोटा कागदी फोटो. पण उपवास न्यायचे नाहीत. माझा आजार श्रावणी सोमवारांत सुरू झाला, मग गुरुवार, मग एकादशी. घरात सगळे म्हणायचे, किती श्रद्धा आहे पोरीची. केंद्रात गेल्यावरही मी 'आज चतुर्थी आहे' म्हणायचे. शेवटी आजीनंच फोनवर सांगितलं, तुझे सगळे उपवास मी धरते, तू जेव. त्यानंतर मला तो आडोसा राहिला नाही. तुमच्या सासूबाईंना लाडवांऐवजी हे काम द्या.

आणि भेटायला येणाऱ्यांना आधीच सांगा: 'छान भरलीस', 'आता कशी तब्येत दिसतेय', 'गालावर तेज आलंय', यातलं एकही वाक्य नको. ते कौतुक असतं, पण आतला आजार त्याचा अर्थ 'जाड झालीस' असाच लावतो आणि पुढचं जेवण थांबतं. शरीराबद्दल बोलूच नका. क्रिकेट बोला, शेजारच्यांचं भांडण सांगा.

कंबरतलाव

पाऊलवाट, तुझा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, तिची चतुर्थीसुद्धा मीच धरते, तिला सांग. लाडू गल्लीतल्या पोरांना वाटले.

बॅग तीच भरतेय. पहिल्यांदा तिनं चार काळे, अंगाबरोबरचे टीशर्ट काढून ठेवले. मी काही बोलले नाही, फक्त सैल कुर्त्यांची थप्पी शेजारी ठेवली. संध्याकाळी दोन काळे टीशर्ट परत कपाटात गेले होते.

दहावीचं कोणी सांगा ना. शाळा म्हणते हजेरी भरत नाही.

इंद्रभुवन

मी शिक्षिका. शाळेला डॉक्टरांचं पत्र आणि मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज आत्ताच द्या, परतल्यावर नको. बोर्डाला ७५ टक्के हजेरी लागते, आजारपणासाठी सवलत मागता येते, पण कागद वेळेत हवेत. अगदीच जमलं नाही तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. आणि एक वर्ष गेलं तर जाऊ द्या. मी वर्गात चक्कर येऊन पडलेल्या मुली पाहिल्यात, एकीनंही त्या वर्षाचे मार्क पुढे कोणाला सांगितलेले नाहीत.

बॅगेत मराठीचं पुस्तक आणि एखादा आवडता विषय, बास. गणिताची गाइडं, सराव प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे नकोत. या मुली बहुतेक वेळा अभ्यासातही स्वतःला पिळून काढणाऱ्या असतात. केंद्रातल्या समुपदेशकांना विचारून पुढचं मागवता येईल.

परतण्याआधी नवा, सैल गणवेश शिवून ठेवा. जुना कपाटातून काढून टाका, म्हणजे पहिल्या दिवशी तो चढवून बघायचा प्रसंगच येणार नाही.

निळीशाई

आणि ताई, तुमची बॅग. सगळे तिचंच विचारतात. तुमची बीपीची वगैरे औषधं, एक चांगली पाण्याची बाटली, चार्जर, चालायला बऱ्या चपला, तुमची स्वतःची वही. डॉक्टर काय म्हणाले ते रोज लिहा, तारीख घालून. तुमच्यासमोर ती आरडाओरडा करेल, 'तू मला इथे टाकलंस' म्हणेल. वजन वाढायला लागलं की हे जास्त होतं. आमच्याकडे तर झालं. ते ऐकून बॅग उचलून परत निघू नका.

तुम्हाला रात्री-बेरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. तो पालकांसाठीही आहे.

धाकटा कोणाकडे राहणार?

कंबरतलाव

धाकटा सासूबाईंकडे आणि ह्यांच्याकडे. त्याला सांगितलंय, ताईच्या जेवणाबद्दल विचारायचं नाही, रोज एक कोडं पाठवायचं. त्यानं आत्ताच वही भरत आणलीय.

केंद्राशी फोनवर बोलले. चादर चालेल, सिंगलच. पत्ते चालतील. क्रोशाची सुई नर्सकडे जमा राहील, मागितल्यावर मिळेल. माझी सोय तिच्याच मजल्यावर. विम्याचं पत्र मागवलंय, उद्या येईल म्हणाले.

टिपणवही

पत्र आलं की आधी त्याचा फोटो काढून तुमच्या यजमानांच्या फोनवर पाठवा, मग फाइलला लावा. आणि तिकिटं लोअर बर्थची आहेत ना बघा, तिला वर चढायला लावू नका.

कंबरतलाव

एक लोअर, एक साइड अपर आहे. लोअर तिला देते.